सोळा नंबर

होडी ट्रकमधून आली, अलिबागहून, ताडपत्रीखाली,
चौदा फुटी, फायबरची, एका अंगाला चिरलेली.
मी दौलतगंजात पाण्याचे पंप दुरुस्त करतो;
मोटार माझ्या ओळखीची, होडी नव्हती.
चाकाशेजारी स्क्रूने बसवलेला एक रेडिओ,
वेटोळ्या वायरीचा, मुठीत मावणारा माइक.
विकणारा म्हणाला, हा फुकट समजा.
फुकट नव्हता. त्याला लायसन लागतं,
आणि बोलणाऱ्याला वेगळं.

फॉर्मवर रकाना होता : होडीचं बंदर.
मी लिहिलं, तिघरा धरण, ग्वाल्हेर.
खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर नेला.
"ग्वाल्हेरला समुद्र कुठला?"
"समुद्र नाही मॅडम. सेट आहे."
त्यांनी शिक्का मारला,
बहुधा मागची रांग बघून.

अभ्यास घरीच केला.
सेट ओट्यावर, बॅटरी काढलेली,
कारण परवाना येईपर्यंत हवेत एक अक्षर सोडायचं नाही.
केतकी बाहेरच्या खोलीत, ती मुंबई किनारा.
मी स्वयंपाकघरात बुडत होतो.
सोळा नंबरवर हाक मारायची, उत्तर आलं की दुसरीकडे सरकायचं;
सोळा मोकळा ठेवायचा,
कुणाची तरी शेवटची हाक तिथूनच यायची असते.
(आईने माझ्या लग्नासाठी सोळा सोमवार केले.
तिथूनही उत्तर आलं नाही.)

जीव जात असेल तर मे-डे, तीनदा.
जीव जात नसेल, पण एकट्याने निभणार नसेल,
तर पॅन-पॅन, तेही तीनदा.
आणि आधी ऐका.
बटण दाबलेलं असेपर्यंत
समोरचं काही ऐकू येत नाही.
पुस्तकात ही ओळ चित्राखाली आहे, बारीक अक्षरात.
मी तिथे इतका वेळ थांबलो
की केतकीने बाहेरून विचारलं, "मामा, बुडालात का?"

शरयूचा फोन आला होता, सागरहून,
रात्री साडेदहाला. "सहज केला," म्हणाली.
मी तिला तांब्याच्या तारेचे भाव सांगितले,
वाइंडिंगवाला पोरगा पळाला ते,
नवीन दुकानाचं शटर कसं अडकतं ते. वीस मिनिटं.
ती "हं" म्हणत होती.
तीनदा म्हणाली की जास्त, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.
पुढच्या आठवड्यात आम्ही केतकीची वह्या-पुस्तकं आणायला गेलो.

परवाना पोस्टाने आला, माझ्या नावात एक काना जास्त.
मे महिन्यातला रविवार. सांकेचं पाणी खाली गेलेलं,
काठावर भेगाळलेला चिखल, त्यावर बगळे.
मी सांगत होतो, सांगतच होतो :
पाय आधी मधोमध, काठावर नाही.
वाकून बस, उभं राहून फोटो काढायचा नाही.
जॅकेटचा तिसरा पट्टा मांडीखालून, लाजायचं नाही.
ही लाल दोरी मनगटाला, तू पाण्यात पडलीस
तर दोरी निघेल आणि इंजिन आपोआप गप्प होईल.
पश्चिमेकडे आभाळ तांबूस दिसलं की परत,
इथली धूळ पाण्यावर येते तेव्हा विचारून येत नाही.

मध्यावर इंजिन बंद केलं.
सोळा लावला. नुसती खरखर,
उन्हात वाळूच्या कागदाने लाकूड घासावं तशी.
मी म्हणालो, बघ, इथून सगळ्यात जवळचा किनारा
आठशे किलोमीटरच्या वर, म्हणजे आपली हाक...

"मामा," ती म्हणाली, "बटण सोडा."

माइक तर जागेवर अडकवलेला होता.
माझे दोन्ही हात गुडघ्यांवर.
मी सोडलं.

होडी थोडी फिरली, तोंड धरणाच्या भिंतीकडे.
बराच वेळ खरखर.
मग ती म्हणाली की तिला गणित सोडायचं आहे,
आणि सागरच्या घराची किल्ली
अजून तिच्याच दप्तरात आहे.